भाड्याच्या मखमलीतले मावळे

बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची. 19 फेब्रुवारीही आम्ही पाळतो, पण गावाला उधाण येते ते वैशाखात, आणि त्यामागून येते चित्ररथ मिरवणूक. गल्लीगल्लीतून ट्रॅक्टर निघतात, ट्रॉलीवर प्लायवूडचा गड उभा राहतो, ध्वनिफितीवर संवाद सुरू होतात आणि पोरे ओठ हलवत देखावा सादर करतात. पहाट होत आली तरी मिरवणूक संपत नाही. या मिरवणुकीवर माझा जीव आहे, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे त्यावरून 'हिला उत्सवच नको आहे' असा अर्थ कुणी काढू नये.

मला नको आहेत ते भाड्याचे कपडे.

अफझलखान, बाजीप्रभू, हिरकणी, संभाजीराजे, औरंगजेबाचे चोपदार, सगळे ड्रेपरीवाल्याच्या एकाच पेटीतून बाहेर येतात. लाल, निळी, जांभळी मखमल, तिला सोनेरी लेस, छातीवर टिकल्या. ऑक्टोबरात आमच्याच जिल्ह्यातल्या कित्तूरचा उत्सव आला की राणी चन्नम्मांचे सरदारही तसल्याच मखमलीत दिसतात. महाराजांचा राज्याभिषेक 1674 चा, चन्नम्मांची इंग्रजांशी लढाई 1824 ची. मध्ये दीडशे वर्षे लोटली, पेटीला त्याचा पत्ता नाही. माझे म्हणणे सरळ आहे. लोकवर्गणीतून किंवा सरकारी पैशातून जे उत्सव होतात, त्यात ऐतिहासिक वेश भाड्याने आणू नयेत. इथल्या मागावरचे सुती कापड घ्यावे, इथल्या शिंप्यांकडून जुनी चित्रे समोर ठेवून ते शिवून घ्यावेत आणि मंडळाने स्वतःच्या मालकीचे म्हणून जपावेत.

आधी ही मखमल काय आहे ते बघू. खरी मखमल रेशमाची. ती त्या काळी होती, पण दरबाराची आणि गडगंज माणसाची. पेटीतली मखमल पॉलिस्टरची, आणि पॉलिस्टरचा धागा इंग्लंडात 1941 मध्ये निघाला. पाठीवरची चेन आजच्या रूपात आली ती 1913 च्या सुमारास. जिजाऊंची म्हणून जी शिवलेली नऊवारी मिळते तिला कमरेला इलॅस्टिक आणि कडेला चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो. त्या चिकटपट्टीचे पेटंट 1955 चे. आता चेनवर माझा तेवढा राग नाही. अंधारात, ट्रॅक्टरच्या आडोशाला, घाईघाईत कपडे बदलणाऱ्या पोरांना चेन सोयीची पडते, हे मला कळते. माझा राग आहे तो कापावर.

एखादा लढाईचा देखावा जरा जवळून बघा. मावळा तलवार उगारतो आणि तलवारीबरोबर अख्खा कोट वर चढतो. कमरेचा पट्टा बरगड्यांवर येतो, खालून ट्रॅकपँटची नाडी डोकावते. तलवार खाली आली की तो पोरगा डाव्या हाताने कोट ओढून सारखा करतो. पुन्हा तलवार, पुन्हा ओढाओढ. रात्रभर हेच. यात दोष आहे बाहीचा. आजच्या कोटाची बाही खांद्याला गोल कापून बसवलेली असते. हात खाली सोडून उभ्या राहिलेल्या माणसाला ती छान दिसते, पण वार करणाऱ्याच्या ती कामाची नाही.

सतराव्या शतकातला जामा असा कापतच नसत. बाही सरळ पट्टीची, आणि बगलेत एक वेगळा तुकडा जोडलेला. हात वर गेला की तो तुकडा उघडतो आणि जामा जागचा हलत नाही. घोड्यावर बसून भाला आणि दांडपट्टा चालवणाऱ्या माणसांनी वापरून वापरून ठरवलेला काप होता तो. कमरेपर्यंत अंगाबरोबर, कमरेखाली कळ्या, म्हणजे तिरके तुकडे, जोडून घेर. छातीवर एक पल्ला दुसऱ्यावर येतो आणि बगलेखाली बंदाने बांधला जातो. मोगल काळात तर हा बंद कोणत्या बाजूला आहे यावरून माणूस ओळखत. हिंदू डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. आमच्या देखाव्यातले दोन्ही बाजूंचे सैन्य पाठीवर चेन लावते, तो भाग सोडा. बाही हातापेक्षा लांब ठेवायची, म्हणजे वर सारली की मनगटावर बारीक चुण्या पडतात; जुन्या चित्रांत त्या स्पष्ट दिसतात. कापड अरुंद पन्ह्याचे, म्हणून तुकडे असे पाडलेले असत की चिंधीसुद्धा फारशी उरत नसे.

शिवणवर्गात मी मुलींना हा काप कागदावर काढायला लावते. पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "मॅडम, ह्याला गोलाईच नाही की!" शर्टाची गोलाई शिकण्यात ज्यांचे महिने गेलेले असतात त्यांना सगळे आयत आणि त्रिकोण बघून आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. मग बगलेचा तुकडा जोडून, बाही बसवून एकीच्या अंगावर कच्चा टाका घातलेला जामा चढवायचा आणि तिला हात वर करायला सांगायचे. त्यानंतर गोलाईचा विषय कुणी काढत नाही.

आणि हा बंदांचा कपडा काही संग्रहालयात गेलेला नाही. सोलापूरला संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे आजही पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. बारा बंदांनी बांधायचा सुती अंगरखा. तो उंच, जड ध्वज पेलत चालणाऱ्या माणसाला अंगात काय हवे आणि काय नको हे चांगले कळत असणार. तिथे हजारोंच्या गर्दीत मखमलीवाचून कुणाचे अडत नाही, आणि पांढऱ्या सुती कपड्यांचा तो सोहळा बघायला माणसे लांबून येतात. सोलापूर काही परदेश नाही. बेळगावच्या मंडळांना तिकडे जाऊन एक बाराबंदी बघून यायला काय हरकत आहे?

ही गोष्ट मी एका मंडळाच्या कार्यकर्त्यांसमोर काढली तेव्हा एक जण पटकन म्हणाला, "काकू, लाइटात चमकायला पाहिजे की! सुती घातलं तर आमचे मावळे गरीब दिसतील." बोलला ते प्रामाणिकपणे. पण मावळा गरीबच होता! तो नांगर सोडून आलेला शेतकरी होता. डोक्याला मुंडासे, अंगात बंडी नाहीतर उघडाच, मांडचोळणा म्हणजे आखूड विजार किंवा आवळून नेसलेले धोतर, पायात वहाणा असल्या तर असल्या, खांद्यावर घोंगडे. महाराजांचे मोठेपण अशा माणसांना घेऊन राज्य उभे करण्यात आहे, असे आपण दर वर्षी भाषणात सांगतो आणि त्याच व्यासपीठावर त्या माणसांना जरीच्या कोटात उभे करतो.

घोंगड्याचे तर मला विशेष वाईट वाटते, कारण ते अजून मिळते. दख्खनी मेंढीची लोकर, तिचे सूत, खड्ड्याच्या मागावर विणलेली पट्टी आणि वरून चिंचोक्याची खळ, म्हणजे घोंगडे ताठ होते आणि पावसाचे पाणी ओघळून जाते. आपल्याकडे धनगर आणि कुरुबर ही माणसे मेंढरांबरोबर अजून हिंडतात आणि त्यांच्या डोक्यावर पावसात घोंगड्याची खोळ असते. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेली ती रात्र आषाढातली. भर पावसातल्या त्या देखाव्यात मी आजवर कुणाच्या अंगावर घोंगडे बघितलेले नाही. मखमल मात्र कोरडी असते.

मग येतो नेहमीचा मुद्दा: भावना महत्त्वाची, कपड्यात काय आहे? हे म्हणणाऱ्यांना मी इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांची आठवण करून देते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराजांचे म्हणून जे चित्र सर्रास फिरत होते ते मुळात इब्राहिम खान नावाच्या सरदाराचे होते. बेंद्रे यांनी 1930 च्या दशकात ही गोष्ट दाखवून दिली आणि डचांकडे असलेले महाराजांचे चित्र लोकांपुढे आणले. इतक्या वर्षांची सवय मोडायची म्हणजे धाडसच होते. पण कुणाची भक्ती कमी झाली का? उलट चेहरा खरा मिळाला म्हणून लोकांना आनंदच झाला. ज्यांनी चेहऱ्याची चूक सुधारून घेतली त्यांच्याच नातवंडांना बाहीची चूक सुधारताना भावना आडवी का यावी, हे मला कळत नाही. महाराजांची समकालीन म्हणावीत अशी चित्रे ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहेत, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. आज मोबाइलवर ती कुणालाही मोठी करून बघता येतात. त्यांत जामा आहे, कमरेला वेलबुट्टीचा पटका आहे, पायात सुरवार आहे, डोक्यावर तुरा लावलेली पगडी आहे. पेशवाईतल्या कपड्यांसाठी वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रे आहेत. साध्या माणसासाठी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, आहेत, आणि ते तर आपल्याच गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात शेंदूर फासून उभे आहेत. बहुतेक वीरगळ शिवकाळाहून जुने, हे खरे. तरी धोतर कसे कसायचे आणि कट्यार कुठे खोचायची हे त्यांच्याइतके नीट कोण सांगणार?

रंगाचाही विचार करायला हवा. आज भगव्या फेट्याचा जो डोळ्यात घुसणारा नारिंगी रंग आहे तो कारखान्यातला आहे. रासायनिक रंगांची सुरुवातच 1856 ची, पर्किनच्या जांभळ्यापासून. मंजिष्ठेतला लाल 1869 मध्ये कारखान्यात बनू लागला आणि नीळ 1897 मध्ये. त्याआधी लाल म्हणजे आल नावाच्या झाडाचे मूळ, मंजिष्ठा किंवा लाख, निळा म्हणजे नीळ, पिवळा म्हणजे हळद, गुलाबी-केशरी म्हणजे करडईच्या फुलांचा कुसुंबा, आणि ते धरून ठेवायला तुरटी, हिरडा. हिरडा आपल्या खानापूरच्या रानात ढिगाने आहे. गेरूत बुडवलेली वारकऱ्यांची पताका ज्यांनी जवळून बघितली आहे त्यांना कळेल मी कोणत्या भगव्याबद्दल बोलते आहे. तो उन्हात विटतो, धुतला की उतरतो आणि प्रत्येक कापडावर थोडा वेगळा बसतो. सगळ्या मंडळांनी उद्यापासून गेरूत फेटे बुडवावेत असे मी म्हणत नाही. पण एका देखाव्यातल्या दहा जणांचे रंग दहा तऱ्हांचे असतील तर ते सैन्य वाटेल, एवढे नक्की.

आता जरा अवघड जागी येते. सीमाभागात कपड्याला रंग असतो आणि रंगाला पक्ष असतो. 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, गावात एकीकडे लाल-पिवळी उपरणी असतात आणि दुसरीकडे काळे कपडे घालून काळ्या दिनाची फेरी निघते. भगवा फेटा बांधला की माणूस मराठी, हे न बोलता ठरते. 1956 पासून जो सीमावाद चालला आहे त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागायचा तेव्हा लागेल. महाराष्ट्राचा 2004 चा दावा अजून तिथे आहे आणि त्यावर माझे मत इतर मराठी माणसांहून वेगळे नाही. पण ऐतिहासिक वेश जेव्हा आपण झेंड्यासारखा वापरतो तेव्हा तो लांबून ओळखू यावा एवढीच त्याच्याकडून अपेक्षा उरते. मग भडक रंग आणि चकाकती लेस पुरते. कापड कुणी विणले, काप कुठला, हे विचारायचे कारणच राहत नाही.

आणि विचारले तर गंमत होते. जिजाऊंचे लुगडे अठरा हात, म्हणजे नऊ वार, कासोटा घालून नेसलेले. राणी चन्नम्मांचे चित्र बघा: घोड्यावर, हातात तलवार, साडीला कासोटा. नेसण एकच. कन्नडमध्ये कासोट्याला कच्चे म्हणतात. दोघींच्या अंगावर शोभेल असे कापड आजही शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात विणले जाते: इरकल. चोळीचा खण गुळेदगुड्डचा. माझ्या आजीच्या पिढीत कोल्हापूर-सांगलीपासून धारवाडपर्यंत शेतावर जाणाऱ्या बायका इरकलच नेसत. कन्नड बोलणारी आणि मराठी बोलणारी बाजारात लांबून ओळखायची सोय नव्हती.

इरकलीचा पदर कसा जोडतात हे एकदा मागावर जाऊन बघण्यासारखे आहे. अंगाचे ताणे सुती, पदराचे ताणे लाल रेशमाचे. दोन्ही ताण्यांचे दोरे फासे करून एकमेकांत अडकवत जायचे, एकेक करून, पूर्ण पन्हाभर. त्याला टोपे-तेनी म्हणतात. ते झाले की मगच पदर विणायला घ्यायचा. प्रत्येक साडीला ही जोडणी नव्याने करावी लागते, त्यात घाई चालत नाही. अशी एक साडी जिजाऊंच्या भूमिकेतल्या मुलीला नेसवली आणि दुसरी चन्नम्मांच्या भूमिकेतल्या मुलीला, तर दोन्ही उत्सवांच्या आयोजकांना जरा अवघडल्यासारखे होईल. व्हावे. मला त्यात वाईट काही दिसत नाही.

चपलेचे उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडले. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते दोन्ही राज्यांतल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून: तिकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, इकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा महाराष्ट्र कोल्हापूरसाठी ओरडला आणि कर्नाटकाच्या मंत्र्यांना अथणी-निपाणीचे कारागीर आठवले. दोघेही बरोबर होते. मात्र देखाव्यातल्या आमच्या सैनिकांच्या पायात तेव्हाही रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज होते.

मागांचा विषय निघालाच आहे तर बेळगावातल्या शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या भागांबद्दल बोलायला हवे. संस्थाने होती तोवर शहापूर सांगलीकर पटवर्धनांचे, कॅम्प म्हणजे छावणीचा भाग इंग्रजांचा. एका हाकेच्या अंतरावर दोन राज्ये होती आणि विणकाराचे कापड दोन्हीकडे खपत होते. आज इथले बहुतेक माग यंत्रावर चालतात, गल्लीतून जाताना खडखडाट ऐकू येतो. विणकराच्या घरात कन्नड असते, तेलुगू असते, गिऱ्हाइकाशी मराठी असते. धंद्याची हालत काय आहे हे सांगायला मी नको. वर्तमानपत्रात विणकरांची बातमी येते ती बहुधा चांगली नसते. अशा गावात शे-दीडशे मंडळे दर वर्षी मिरवणुकीसाठी कपडे शोधत हिंडतात, आणि त्यातला पैसा सुरतेच्या पॉलिस्टरला जातो. सुरतेबद्दल आपल्याला एवढे प्रेम कधीपासून वाटायला लागले?

स्वस्त पडते, हे त्याचे उत्तर. ते उत्तर कुठे नेते याचेही उदाहरण जवळच आहे. देशाच्या राष्ट्रध्वजाचे खादी कापड धारवाड जिल्ह्यातल्या गरगला विणले जाते आणि ध्वज हुबळीच्या बेंगेरीत शिवले जातात. शिलाईचे टाके, दोऱ्यांची संख्या, रंगाची छटा सगळे नियमाने ठरलेले. 30 डिसेंबर 2021 ला ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरच्या, पॉलिस्टरच्याही ध्वजाला परवानगी मिळाली. घरोघरी तिरंगा लागला, हे चांगलेच झाले. पण पुढच्याच वर्षी बेंगेरीत शिलाई करणाऱ्या बायका मागणी घटल्याची तक्रार करत होत्या. भारताचा ध्वजसुद्धा स्वस्ताईपुढे टिकला नाही, तिथे मावळ्याच्या बंडीची काय कथा!

याच बेळगावात डिसेंबर 1924 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन झाले. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते ते हे. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर आणि वीरसौध त्याची खूण. त्या अधिवेशनाने सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी महिन्याला 2000 वार सूत देण्याची अट मान्य केली. अट टिकली नाही, ती व्यवहार्य नव्हतीच. तरी कपडा कुणी, कसा बनवला हा या गावात एका काळी राजकारणाचा पहिल्या क्रमांकाचा प्रश्न होता. 2024 मध्ये त्याची शताब्दी झाली. त्या निमित्ताने पांढऱ्या टोप्या मुबलक दिसल्या. त्यातल्या किती हातसुताच्या होत्या, हे विचारणाऱ्याला वेड्यात काढले असते.

आता माझ्या बाजूच्या लोकांशी थोडे भांडते. खरा वेश, खरा काप म्हणणाऱ्यांत एक जमात तयार झाली आहे, जी कुणाही पोराचा फोटो बघून 'हा फेटा शिवकालीन नाही', 'ही पुणेरी पगडी शंभर वर्षे पुढची' म्हणून त्याची लक्तरे टांगते. बारा वर्षांच्या पोराने काजळाची दाढी काढून थर्माकोलची तलवार धरली तर ती धरू द्यावी. माझी अट आहे ती मंडळांना, संस्थांना, सरकारला. ज्यांच्याकडे पैसा आणि वर्षभराचा वेळ आहे त्यांना.

आणखी एक गोष्ट ही जमात सोयीस्कर विसरते. जुना वेश खरा करायचा म्हटले की जुनी उतरंडही अंगावर येते. लुगडे कुणी कुठवर नेसायचे, पायात वहाण घालून कुठल्या गल्लीतून जायचे नाही, चांदी कुणाची आणि पितळ-कथिल कुणाचे, हे सगळे जातीने ठरत होते. 1927 च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी तिथे जमलेल्या बायकांना सांगितले, तुमची लुगडी नेसण्याची पद्धत आणि तुमचे ते जाड गळ्या-हातातले दागिने तुमची जात सांगतात, ते टाका. बायकांनी नेसण बदलली. ज्यांच्या आजीने अपमानाची खूण म्हणून जी नेसण सोडली, त्यांच्या नातीला 'अस्सल' म्हणून ती परत नेसवायला आपण निघालो तर थप्पड खाऊ, आणि ती योग्यच असेल. म्हणून कोणता वेश कुणी घालायचा हे मंडळाने वाटून देऊ नये. ज्याला जो हवा तो त्याने मागून घ्यावा. आणि देखाव्यांच्या विषयांत राज्याभिषेकाबरोबर महाडचे चवदार तळेही असावे. तिथल्या बायकांचे आदल्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे लुगडे शेजारी शेजारी दाखवता आले तर त्याच्याइतका चांगला कपड्यांचा देखावा दुसरा नसेल.

पैशाचे म्हणाल तर सुती बाराबंदी एका रात्रीच्या भाड्यात येत नाही, हे कबूल. पण ती दहा वर्षे टिकते, घरी धुता येते, उसवली तर टाचता येते आणि भाडे मात्र दर वर्षी नव्याने द्यावे लागते. वैशाखातल्या उकाड्याची गोष्ट वेगळीच. वळवाची सर येऊन गेल्यावर पॉलिस्टरच्या मखमलीत पाच तास उभे राहून बघा. दर वर्षी एखादा तरी मावळा घेरी येऊन ट्रॉलीवरून खाली उतरवावा लागतो. सुती मलमलीत हे होत नाही. याच हवेसाठी तो कपडा तयार झाला होता.

सुरुवात लहान करावी. पहिल्या वर्षी महाराजांच्या वेशाला हात लावू नये. तिथे भावना सगळ्यात जास्त आणि भांडणेही जास्त. ते आहेत त्या पोशाखात राहू देत. आधी मागच्या रांगेतले मावळे घ्यावेत. त्यांच्यासाठी बाराबंद्या, मांडचोळणे, मुंडाशाचे सरळ लांब कापड, आणि जमले तर दोन-चार घोंगडी. वडगावला मागावर कोरे सुती कापड सांगून ठेवायचे ते दिवाळीच्या आसपास, म्हणजे लग्नसराईच्या गर्दीत विणकर अडकत नाही. महानगरपालिकेने आणि मध्यवर्ती शिवजयंती महामंडळाने देखाव्यांना बक्षिसे देताना ध्वनी, प्रकाश, संवाद यांच्याबरोबर वेशाचे गुण वेगळे ठेवावेत. गुण चकाकीला न देता कापाला आणि कापडाला द्यावेत. परीक्षकांत एक तरी शिंपी आणि एक विणकर असावा, प्राध्यापक आहेतच. कित्तूर उत्सवाच्या समितीलाही हीच विनंती कन्नडमधून करायला मला आवडेल, माझे कन्नड तेवढे बरे आहे.

आणि शिवायला घेणाऱ्यांसाठी एवढेच: कोरे कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, आटू द्यावे आणि मगच कात्री लावावी, नाहीतर पहिल्या धुण्यात बंद छातीवर येतात. बगलेचा तुकडा तिरका न कापता सरळ धाग्यात घ्यावा. बंद कापडाच्याच पट्टीचे करावेत, बाजारची नाडी लावू नये. ती घामाने सुटते आणि मग पोरे सेफ्टी पिन मागायला येतात.